तिरपी रेघ

वूच शहरात, जुन्या सूतगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही चौघं बसतो. पाचवा हीटरचा पाइप,
दिवसभर पुटपुटणारा.
मला सात महिने झाले इथे.
सगळ्यात जास्त दाबलेली कळ विचाराल
तर मागे नेणारी.
माझ्या कीबोर्डावरचा झेड पार गुळगुळीत झालाय.

हात बसेल हळूहळू, असं यॉविता म्हणते.
हात कुठे बसतो, किती वेळ बसतो,
उठून जातो का मध्येच,
हे ती सांगत नाही.

डिसेंबरात पहिलं काम एकटीला मिळालं.
तेक्लाबाईंचा मध, वोंकी गावचा,
कुट्टूच्या फुलांवरचा, काळपट, जरा उग्र.
सहाशे लेबलं.
रात्री दोनला फुकटचा एक फॉन्ट उतरवला,
वेलीसारखा, शेपट्या सोडलेला.
एवढा आवडला की त्यात सगळी अक्षरं आहेत का
हे बघायचं राहिलं.

आमच्या भाषेत एक ‘ल’ आहे,
त्याच्या पोटातून तिरपी रेघ जाते
आणि त्याचा ‘व’ होतो.
रेघ गेली की वोंकीचं लोंकी,
वूचचं लूच.
गावं कुठल्या कुठे जातात.
त्या फॉन्टात ती रेघच नव्हती.
संगणकाने दुसऱ्या घराण्यातलं अक्षर गुपचूप आणून बसवलं,
कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोत
अनोळखी माणूस हसत उभा असावा तसं.
मला दिसलं नाही.
यॉवितालाही नाही.

दिसलं लुबोमिरला, छापखान्यात.
पहिला कागद त्याने दिव्याखाली धरला,
भिंगातून पाहिलं, मशीन थांबवलं
आणि शाई भरलेल्या नखाने नेमकं तिथे बोट ठेवलं.
‘हा कोण?’
एवढंच.
मी बुटांकडे पाहत राहिले. बुटांवर बर्फाचं पाणी होतं.

मग ती रेघ मी काढायला बसले.
एक रेघ! शाळेतलं पोर काढेल.
पहिली सुरीसारखी झाली.
दुसरी घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखी.
चार बिंदूंत भागतं तिथे मी अकरा ठोकले होते.
लुबोमिर डबा खाता खाता मागे येऊन उभा राहिला.
‘पोरी, शिवतेयस की खिळे मारतेयस?’
मी बिंदू उपटत गेले.
प्रत्येक बिंदू गेला की वळण थोडं सुटायचं,
बाहीला श्वास मिळाल्यासारखं.

तरी ती मोडकीच दिसे.
जाड दांड्याच्या अलीकडची आणि पलीकडची बाजू
जणू एकमेकींशी बोलत नव्हत्या.
पट्टी लावली, तर रेघ सरळ.
डोळ्याने पाहिलं, तर वाकडी.
‘पट्टीचं ऐकू नकोस,’ तो म्हणाला,
‘पलीकडचा तुकडा केसभर सरकव.’
सरकवला.
रेघ खोटी झाली आणि खरी दिसली.
यावर मी अजून विचार करतेय.

जानेवारीत तेक्लाबाई आल्या, ओल्या लोकरीच्या वासासकट.
लेबल हातात फिरवलं, उलटंसुलटं.
‘कुणी केलं?’
मी यॉविताकडे पाहिलं.
यॉविता चहातल्या लिंबाकडे पाहत होती, मुद्दाम.
‘मी,’ म्हणाले.
आठ पॉइंटात म्हणाले असेन,
कारण बाईंनी कान पुढे केला.
‘मी केलं.’
या वेळी बारा.

‘यात मधमाशी नाही.’
‘नाही.’
‘सगळ्यांच्या मधावर असते.’
‘म्हणूनच.’
पाइपसुद्धा गप्प झाला.
बाई हसल्या नाहीत. पिशवीतून पाकीट काढलं,
पैसे मोजले, दोनदा,
आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी अक्षरं मोठी कर,
माझ्या वयाची माणसंही मध खातात.
बरोबर होतं त्यांचं. वहीत लिहून ठेवलं.

काल ट्रामथांब्याजवळच्या दुकानात
खालच्या फळीवर तीन बरण्या होत्या,
तिन्ही भिंतीकडे तोंड करून.
वाकले, एकेक फिरवली,
वोंकी, वोंकी, वोंकी.
दारापर्यंत गेले आणि मागे वळून पाहिलं.
दुकानदारीण पुन्हा उलट्या लावत होती,
किमतीचं स्टिकर मागे होतं म्हणून.

स्टिकर मागे चिकटेल
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
आता माहीत आहे.